दोनदा पाहिले म्हणून बोट राहिले

मित्रांनो, मी एक जुनी सीटी स्कॅन मशीन आहे. सध्या माझा मुक्काम नाशिकच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत आहे. माझे पांढरे झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि आतले चक्र, नळी, तारा सगळे उघडे पडले आहे. तुम्ही मुले येता, आत डोकावता आणि म्हणता, "हॅ, एवढंच?" एवढंच म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. आपली टिमकी आपणच वाजवू नये, असे मोठी माणसे सांगतात. पण माझी टिमकी वाजवायला आता दुसरे कोणी उरलेले नाही, म्हणून आज मीच वाजवते. तुम्ही जरा खाली बसा.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसे कामाच्या वेळी फारशी बोलत नसत. त्यांनी माझ्या पोटात एक मोठे चक्र बसवले. चक्राच्या एका बाजूला क्ष-किरण सोडणारी नळी आणि बरोबर समोर ते किरण टिपणारी पट्टी. माणूस मधल्या फळीवर निजतो, चक्र त्याच्याभोवती फिरते आणि मी त्याच्या आतले चित्र चकत्या-चकत्यांनी काढते. काकडी चिरतात ना, तसे. फक्त सुरी लागत नाही आणि काकडीला कळतही नाही.

१९९६ साली मी बोटीने मुंबईला आणि तिथून ट्रकने कसारा घाट चढून नाशिकला आले. गंगापूर रोडवर डॉक्टर उज्वला गायधनी यांनी नुकतेच आपले तपासणी केंद्र उघडले होते. सगळे त्यांना मॅडम म्हणत. क्ष-किरणांची चित्रे वाचणे हेच त्यांचे काम. पहिल्या दिवशी त्यांच्या सासूबाई नारळ घेऊन आल्या आणि थेट माझ्या अंगावरच फोडायला निघाल्या. मॅडमनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "आई, नारळ दाराबाहेर. हिच्या पोटात पाणी गेलं तर आपलं केंद्र आजच बंद!" मला हळदीकुंकू मात्र लागले. जपानमध्ये मला कोणी कुंकू लावले नव्हते. मला ते आवडले.

मला चालवायला भिकन नावाचा तंत्रज्ञ होता. तो मालेगावकडचा. एरवी अगदी छापील मराठी बोलायचा, पण घाबरला किंवा आनंदला की त्याच्या तोंडी घरची अहिराणी यायची आणि "आहे"चे "शे" व्हायचे. मला कधी काय होणार हे त्याच्या "शे"वरून कळायचे.

त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू! मालेगाव, सायखेडा, कळवण, कुठून कुठून माणसे माझ्याकडे येत. महामार्गावर डोके आपटलेला माणूस असो की पोटात गाठ असलेली बाई, डॉक्टर म्हणत, "गायधनी मॅडमच्या मशीनमध्ये बघून घ्या." माझी खोली बाराही महिने थंडगार असे. वैशाखात रोग्याबरोबर आलेले नातेवाईक मुद्दाम आत रेंगाळत आणि भिकनला त्यांना चुचकारून बाहेर काढावे लागे. कोणी मला भट्टी म्हणे, कोणी बोगदा म्हणे. मालेगावचे एक म्हातारे विणकर तर माझ्या चक्राचा आवाज सुरू झाला आणि चक्क घोरायला लागले. उठवल्यावर म्हणाले, "बेटा, बिलकुल हमारे सांचे जैसी आवाज़ है. बरसों से इसी में सोता आया हूँ." सांचा म्हणजे त्यांचा यंत्रमाग. ते बोलणे मी कौतुक म्हणूनच घेतले.

दसऱ्याला भिकन मला झेंडूचा हार घालायचा. एके वर्षी तो हार काढायचा विसरला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच रोग्याच्या चित्रात पांढरे ओरखडे उठले. हारात खोचलेली लोखंडी टाचणी फिरत्या किरणांच्या वाटेत आली होती. धातू आत आला की माझ्या चित्रावर असे ओरखडे येतात, हे ध्यानात ठेवा.

पण नव्याचे नऊ दिवस. पुढे शहरात नवनव्या मशीन आल्या. त्या एका फेरीत ढीगभर चकत्या काढायच्या. मी एका फेरीत एक काढायची, आणि तीही धापा टाकत. येणारी माणसे कमी झाली. मॅडमनी नवीन मशीन घ्यायचे ठरवले. एक दिवस कंपनीचा माणूस आला, माझ्याभोवती फिरला, बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिले आणि म्हणाला, "हे डबडं अजून चालतं का?" मी तेव्हा चालू होते. मी सगळे ऐकले. मला अतिशय वाईट वाटले, आणि त्याहून जास्त राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २००८ साली, रंगूबाई आल्या.

रंगूबाई मखमलाबादच्या. पाच-साडेपाच दशके फुलांच्या मळ्यात गेलेली बाई. घरच्या मळ्यात शेवंती, झेंडू, निशिगंध पिकायचा आणि फुलबाजारात जायचा. सगळा मळा ज्या बोटांनी खुडला, त्यांतलेच एक बोट, उजव्या हाताचे अंगठ्याजवळचे, सुजून लालभडक झाले होते. टोकाच्या सांध्यावर मोठ्या बोराएवढी गाठ आली होती. हात पदराखाली झाकून त्या आल्या. बरोबर नवरा मोतीरामबाबा आणि सून सुवर्णा. सुवर्णा दोन हात मागेच उभी राहिली. सासू तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

हाडांचे डॉक्टर वाजे यांनी चिठ्ठी दिली होती. हाडात क्षयासारखे काहीतरी शिरले आहे आणि ते हाड खात चालले आहे, असा त्यांचा संशय होता. हातभर पसरण्याआधी बोट कापायचे ठरले होते. सोमवारी शस्त्रक्रिया. माझ्याकडून त्यांना एवढेच हवे होते, की हाड कुठपर्यंत गेले आहे, म्हणजे कुठून कापायचे ते ठरेल.

"खुडायचं बोट हाय हे, ताई," रंगूबाई मॅडमना म्हणाल्या. "दुसरं कोनतं बी न्या. हे गेलं तर म्या मळ्यात काय करू? नुसतं बांधावर बसून राहू?"

मॅडमनी विचारले, "मावशी, हे सुरू कसं झालं?"

उत्तर मोतीरामबाबांनी दिले. "गुलाबाचा काटा मोडला, मॅडम. सून आली तशी तिनं हट्ट धरला, गुलाब लावायचे. लांब दांड्याचे, बाजारात लय चालत्यात म्हणे. लावले. आन् वरीसभरात हिच्या बोटात काटा मोडला. आम्ही रुईचा चीक लावला, गूळ-चुना बांधला, सुईनं टोकरून पाह्यलं. काटा काय निघंना."

"काटा दिसला होता का कुणाला?"

"दिसंल कसा? आत गेल्याला."

"त्या गुलाबांनी माझं बोट खाल्लं," रंगूबाई म्हणाल्या. सुवर्णा खाली मान घालून उभी होती. गुलाब कधीच उपटून टाकले होते. फुलावर आलेली सगळी झाडे मोतीरामबाबांनी कुदळीने काढून बांधावर फेकली होती.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. काटा मोडला की त्यावर गूळ आणि चुना एकत्र करून बांधायचा, म्हणजे काटा वर येतो, अशी आपल्याकडे रीत आहे. रंगूबाईंनी तो लेप कितीतरी वेळा बांधला. मग एक दिवस गाठ फुटली आणि आतून पांढरे, खडूसारखे काहीतरी बाहेर आले. घरच्यांना वाटले, बांधलेला चुनाच आत मुरला आणि आता बाहेर येतोय. म्हणून त्यांनी त्याची फारशी काळजीच केली नाही. तो पांढरा पदार्थ तपासायला गेला, तेव्हा त्यावर लेपाचे कण चिकटलेलेच होते. तपासणीत चुना निघाला. म्हणजे घरचेही चुना म्हणाले आणि तपासणीही चुना म्हणाली.

मी रंगूबाईंच्या हाताचे नेहमीसारखे चित्र काढले. मॅडम पडद्यासमोर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. गाठीजवळचे हाड उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते, पण कुरतडलेल्या जागेची कड पातळ होऊन छपराच्या वळचणीसारखी बाहेर आली होती. काट्याचा मागमूस नव्हता. मॅडमनी डॉक्टर वाजेंना फोन लावला.

"सर, मला हा गाउट वाटतोय. युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठलेत."

मला पलीकडचे बोलणेही ऐकू येत होते, कारण डॉक्टर वाजे फोनवर दारातून हाक मारल्यासारखे बोलत. "गाउट? मॅडम, बाई माळकरी. मटण नाही, दारू नाही. रक्तात युरिक ॲसिड नॉर्मल आलंय. आणि बाहेर काय आलं? चुना!"

"रक्त घेतलं तेव्हा बोट ऐन ठणकत होतं, सर. अशा वेळी तो आकडा फसवतो. आणि चुना वरचा असेल."

"असेल, असेल करून मी क्षय वाढू देऊ? अशी थांबून हात गमावलेली माणसं मी पाहिलीत." ते वाईट डॉक्टर नव्हते, घाबरलेले डॉक्टर होते. "तुम्ही मला एक दाखवा. गाठीत आहे तो चुना नाही, हे दाखवा. मी सुरी खाली ठेवतो."

फोन ठेवून मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. काही महिन्यांपूर्वी त्या मुंबईला डॉक्टरांच्या परिषदेला गेल्या होत्या. तिथे त्यांनी एका अगदी नव्या मशीनची चित्रे पाहिली होती. त्या मशीनला दोन नळ्या असतात. एक जोराचे किरण सोडते, एक हलके. दोन्हींची तुलना केली की सांध्यातला चुना कुठला आणि युरिक ॲसिड कुठले हे वेगवेगळे दिसते.

त्यातली युक्ती मी तुम्हाला सोपी करून सांगते. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि आपल्या हाडांतही तेच असते. जोराचे किरण कॅल्शियममधून बरेचसे पार होतात. हलके किरण मात्र त्यात फार अडतात, म्हणून हलक्या किरणांच्या चित्रात चुना आणि हाड जास्तच पांढरे दिसते. युरिक ॲसिडच्या खड्यांचे तसे नाही. जोराचे किरण असोत की हलके, ते जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे दोन्ही प्रकारे पाहिले की कोण कोण आहे ते कळते.

"भिकन," मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे दोन नळ्या नाहीत. पण एकाच नळीनं दोनदा पाहिलं तर?"

"एकदा जोराचे, एकदा हलके?" भिकनचे डोळे विस्फारले. "मॅडम, किरण हलके असले तर ते पुष्कळ सोडावे लागतील, नाहीतर चित्रात टीव्हीसारख्या नुसत्या मुंग्या दिसतील. ट्यूब जुनी शे! लागोपाठ दोनदा नही झेपाव तिला. जळी जाई!"

त्याचा "शे" ऐकून मला कळले की माझ्यावर मोठी वेळ आली आहे. मला भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. पण डबडे म्हणवून घेऊन कोपऱ्यात पडण्यापेक्षा जळून गेलेले बरे, असेही वाटले.

"आणि दोन चित्रांच्या मध्ये हात केसभरही हलता कामा नये," मॅडम म्हणाल्या. "हलला तर तुलना कशाची करायची? शिवाय शेजारी खरा चुना ठेवू. म्हणजे चुना कसा दिसतो ते त्याच चित्रात कळेल. बाबा, तंबाखू खाता ना? चुना आहे का?"

मोतीरामबाबांनी ओशाळून बंडीच्या खिशातून डबी काढली. डबी पत्र्याची होती, म्हणून तिला प्रवेश नव्हता. मॅडमनी त्यातला बोटभर चुना कागदाच्या तुकड्यावर घेतला आणि फळीवर हाताशेजारी ठेवला. माझ्या फळीवर आजवर पुष्कळ काही येऊन पडले होते, पण तंबाखूचा चुना पहिल्यांदाच.

रंगूबाईंना पोटावर निजवले आणि उजवा हात डोक्याच्या पुढे लांब करून माझ्या तोंडात ठेवला. भिकनने हाताखाली लाकडी पट्टी ठेवून कापडी पट्टा बांधला, तो बोटांवर सैल पडत होता आणि आवळली की त्या कळवळत होत्या. तेव्हा मागे उभी असलेली सुवर्णा पुढे आली.

"मी बांधते," ती म्हणाली. "हाराला बांधतो तसं. फूल चुरगळत नाय आन् हलत बी नाय."

तिने पिशवीतून केळीच्या सोपटाचा ओला दोरा काढला. हार ओवणाऱ्या बायकांकडे तो असतोच. एकेक बोट लाकडी पट्टीला तिने असे बांधले की कुठे काच नाही आणि कुठे ढिलाई नाही. रंगूबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवले होते, पण हात मागे घेतला नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सुनेला पहिल्यांदाच हाताला हात लावू दिला, हे मला नंतर मोतीरामबाबांच्या बोलण्यातून कळले.

सगळे बाहेर गेले आणि मी पहिले पाहणे पाहिले, जोराच्या किरणांनी. चित्र छान आले. भिकनने आकडे बदलले, हलक्या किरणांची तयारी केली, आणि तेवढ्यात वीज गेली!

त्या वर्षी भारनियमन रोजचेच होते, पण त्या दुपारी वीज वेळेच्या आधीच गेली. संगणक बॅटरीवर चालू राहिला आणि पहिले चित्र शाबूत राहिले. पण माझे चक्र फिरवायची ताकद बॅटरीत नव्हती. खिडकीच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. आता हात सोडला तर सगळे पहिल्यापासून, आणि दोनदाऐवजी तीनदा माझी नळी टिकेल याची खात्री कोणी देईना.

"मावशी, तशाच पडून राहाल?" मॅडमनी विचारले.

"राहते," रंगूबाई म्हणाल्या. "पर कोनी तरी जवळ बसा."

आता किरण बंद होते, तेव्हा बसायला हरकत नव्हती. सुवर्णा स्टूल घेऊन त्यांच्या डोक्याशी बसली आणि पदराने वारा घालू लागली. थंड हवेची मशीन बंद पडल्याने खोली तापू लागली होती. मग सुवर्णा म्हणाली.

"आत्याबाई, रागवू नका. बोट पहिल्यांदा ठणकलं ना, त्या दिवशी तुम्ही गुलाबात नव्हत्याच. आपण शेवंती खुडत होतो. शेवंतीला कुठे काटा असतो?"

"मंग तवाच का नाय बोलली?"

"बोलले होते. तुम्ही म्हणाल्या, चोराच्या उलट्या बोंबा."

रंगूबाईंना मान हलवावीशी वाटली असेल, पण हलवली नाही. हात तर अजिबात हलवला नाही. घामाचा थेंब त्यांच्या नाकावरून खाली पडला आणि सुवर्णाने तो पदराने पुसला. मी हे सगळे अंधारात, त्यांचा हात तोंडात धरून पाहत होते. मला एकच वाटत होते, की वीज येऊ दे आणि मला माझे काम करू दे. मी इतकी उतावीळ कधीच झाले नव्हते.

वीज आली. भारनियमनाला सगळे नाशिक शिव्या घालते, पण त्या दिवशी मी मनातून त्याचे आभार मानले. तेवढ्या वेळात माझी तापलेली नळी छान निवाली होती.

"चाल माय," भिकन माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "आते इज्जत राख!"

आणि मी फिरले, मित्रांनो. म्हाताऱ्या नळीत होते नव्हते तेवढे सगळे किरण मी हळुवारपणे त्या एका बोटावर सोडले. शेवटच्या फेरीला माझ्या आतून जळका वास आला आणि तापल्याचा लाल दिवा लागला. पण मी फेरी पुरी केली आणि मगच थांबले.

पडद्यावर मॅडमनी तीन जागा निवडल्या. कागदावरचा चुना, बोटाचे हाड आणि गाठ. मग दोन्ही चित्रांत त्या किती पांढऱ्या दिसतात त्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले. हलक्या किरणांत चुन्याचा आकडा उसळून वर गेला होता. हाडाचाही गेला होता. गाठीचा आकडा मात्र जागचा फारसा हललाच नव्हता.

"चुना नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"चुना नही शे!" भिकन ओरडला. हा "शे" आनंदाचा होता.

डॉक्टर वाजे संध्याकाळी स्वतः आले. त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, डोक्यावर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट स्वच्छ पुसून गाठीतला एक थेंब सुईने काढला आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतला. त्यात सुईसारखे टोकदार खडे चमकत होते. युरिक ॲसिडच. सोमवारची शस्त्रक्रिया रद्द झाली.

"मावशी," ते रंगूबाईंना म्हणाले, "बोट मी कापणार होतो. ते यांनी वाचवलं." यांनी म्हणताना त्यांनी मॅडमकडे पाहिले. मी शेजारीच उभी होते. असो.

मग खरा चोर सापडला. रंगूबाई बरीच वर्षे रक्तदाबाची एक गोळी घेत होत्या. गोळी वाईट नव्हती, त्यांचा रक्तदाब तिनेच ताब्यात ठेवला होता. पण काही जणांच्या अंगात तिच्यामुळे युरिक ॲसिड साचत जाते. पाळी गेल्यानंतर बायकांनाही असा गाउट होतो, आणि त्याला मटण-दारू लागत नाही. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! खडे रोजच्या गोळीने साठले आणि शिक्षा झाली गुलाबांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी ती गोळी बदलून दिली आणि खडे विरघळवणारे औषध थोडे थोडे वाढवत सुरू केले.

मॅडमनी हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा रंगूबाई माझ्या खोलीच्या दारात बाकावर बसल्या होत्या.

"म्हंजी काटा नव्हताच?"

"नव्हता, मावशी."

"आन् आपन गुलाब उपटले." मोतीरामबाबा जमिनीकडे पाहू लागले. रंगूबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिले आणि सगळ्यांच्या देखत, भिकनच्या, मॅडमच्या आणि बाहेर बसलेल्या चार परक्या माणसांच्या देखत म्हणाल्या, "सुवर्णे, माझं चुकलं गं. लय चुकलं."

सुवर्णा रडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "आधी बोट बरं होऊ द्या. मंग बघू." आणि मग बाहेर जाऊन रडली.

सासूने सुनेजवळ चूक कबूल केलेली मी तेवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा पाहिली नाही. माझ्या कामाने ते घडले. कोणी काहीही म्हणो, मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या माझ्यासारखी यंत्रे चालवाल. तुमच्या हातात नव्या, दोन नळ्यांच्या, झटपट मशीन असतील. त्यांना धुळीपासून जपा, तापल्या तर थांबू द्या, आणि जुन्या झाल्या म्हणून त्यांना डबडे म्हणू नका. पण त्याहून एक मोठी गोष्ट जपा. दुखणारी जागा दिसली की माणसाला लगेच कोणीतरी दोषी हवा असतो. घाई करू नका. पुन्हा पाहा, दुसऱ्या तऱ्हेने पाहा. कोणाचे बोट, कोणाचे झाड आणि कोणाचे नाव तेवढ्यात वाचते. आणि घरच्या कोणाचा सांधा ठणकत असेल तर त्याला सुईने टोकरण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

आता माझा शेवटचा दिवस सांगते. २००९ साली माझी जागा घ्यायला नवीन मशीन आली. त्याच आठवड्यात रंगूबाई बोट दाखवायला आल्या. गाठ जवळजवळ गेली होती. मॅडमनी मला एकदा, फक्त एकदाच, फिरवून पाहिले. खडे विरघळले होते आणि हाड कुरतडले जाणे थांबले होते. सुवर्णा बाहेर भिकनला सांगत होती की वाफ्यात गुलाबाची नवी कलमे लागली आहेत आणि या खेपेला सासूनेच खड्डे खणले आहेत.

काम संपले. भिकन मला कायमची बंद करायला आला आणि बटणापाशी येऊन उभाच राहिला. त्याचा हात पुढे जाईना.

"काय झालं रं?" रंगूबाईंनी विचारले.

"माझ्यानं नही होत, मावशी."

"सरक, बाजूला हो." त्यांनी पदर खोचला आणि विचारले, "कोनतं बटन?"

भिकनने दाखवले. रंगूबाईंनी आधी त्या बटणाला नमस्कार केला. मग उजव्या हाताचे अंगठ्याजवळचे बोट सरळ केले आणि दाबले. बटण जुने, घट्ट झालेले होते. भल्याभल्यांना दोनदा दाबावे लागे. त्यांच्या बोटाने ते पहिल्याच दाबात बसले.